नातीचा कान वारंवार ठणकतो. तिची प्रतिकारशक्ती कमी आहे का?

प्रश्न : माझी नात सव्वादोन वर्षांची आहे. गेल्या जूनमध्ये पाळणाघरात जायला लागली आणि तेव्हापासून सर्दी झाली की कान ठणकतो. असं तीनदा झालं. दिवाळीनंतर तर कान फुटून सकाळी उशीवर पू होता. तेव्हा अँटिबायोटिक दिलं होतं. या वेळी मात्र डॉक्टरांनी कान तपासला, फक्त पॅरासिटामॉल दिलं आणि ‘दोन दिवस बघू’ म्हणाले. एरवी ती खाते-पिते, वजन चांगलं आहे. तिची प्रतिकारशक्ती कमी आहे का? एखादं टॉनिक द्यावं का? न्हाऊ घातल्यावर मी तिला ओव्याची धुरी देते आणि कानात लसूण कढवलेलं तेल सोडते, तरी असं का होतं?
– एक आजी, धायरी, पुणे

उत्तर : ताई, आपल्या वयात फार अंतर नसावं म्हणून ताईच म्हणते. अंगाने भरलेली, खाती-पिती मुलगी, सर्दीपाठोपाठ नऊ महिन्यांत तीनदा कान दुखला. यात प्रतिकारशक्ती कमी असल्याचं मला काही दिसत नाही. उलट ती शक्ती काम करत होती म्हणूनच तुम्हाला उशीवर पू दिसला. आठवून बघा, कान फुटण्याआधी ती रात्रभर रडली असेल आणि पहाटे एकाएकी शांत झोपली असेल.

कानाच्या पडद्याच्या आत मधला कान म्हणजे जेमतेम पाव चमचा हवा मावेल एवढी पोकळी. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या भागात उतरते, युस्टेशियन नलिका. तुमच्या-माझ्यात ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास आणि चांगली उतरती असते. तान्ह्या बाळात ती जवळजवळ निम्मी आणि आडवी असते, त्यामुळे नाकातल्या जंतूंना कानापर्यंतची वाट सोपी जाते. या नळीच्या आतल्या पेशींवर अतिसूक्ष्म केस असतात, त्यांना सिलिया म्हणतात. हे केस सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात, तेही सगळे एकाच दिशेने, कानाकडून नाकाकडे.

मी बी. जे. मेडिकलला पहिल्या वर्षाला होते तेव्हा आमच्या सरांनी बेडकाच्या टाळूवर खसखशीचा एक दाणा ठेवला होता. बेडूक निपचित पडलेला, कोणी हात लावत नव्हतं, तरी दाणा हळूहळू घशाकडे सरकत गेला. आम्ही दहा-बारा जणी डोकी एकत्र करून बघत होतो. दिसत काहीच नव्हतं, फक्त ओलसर चमक आणि सरकणारा दाणा. तुमच्या नातीच्या कानात हेच रात्रंदिवस चालू असतं. धूळ, जंतू, मेलेल्या पेशी, सगळं त्या बुळबुळीत थराला चिकटतं आणि थर घशाकडे वाहून नेला जातो. त्या बुळबुळीतपणालाही मोल आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात म्यूसिन-5बी नावाचं एकच चिकट प्रथिन नसलेल्या उंदरांच्या कानांत जंतुसंसर्ग आणि सूज घर करून राहिल्याचं दिसलं.

त्या थरात रसायनंही असतात. लायसोझाइम जंतूंची भिंत कुरतडतं. अलेक्झांडर फ्लेमिंगनी ते 1922 मध्ये, म्हणजे पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी, सर्दीच्या शेंबडातूनच शोधलं. लॅक्टोफेरिन जंतूंना लागणारं लोह हिसकावून घेतं. डिफेन्सिन नावाची छोटी प्रथिनं जंतूंच्या आवरणाला भोकं पाडतात. यातलं काहीही शिकवावं लागत नाही, बाळ ते घेऊनच जन्माला येतं. म्हणून तिला उपजत प्रतिकारशक्ती म्हणतात.

मग कान का दुखतो? सर्दीचा विषाणू आधी त्या केसांनाच इजा करतो. वाहतूक थांबते, नळी सुजून बंद होते, आणि नाकात एरवी गुमान बसलेले न्यूमोकोकससारखे जंतू वर चढतात. कानाच्या अस्तरातल्या पेशींवर टोल-लाइक रिसेप्टर असतात. जंतूंच्या अंगावरच्या ठरावीक खुणा ते ओळखतात आणि हाळी देतात. (अशा ओळखयंत्रणेवरच्या शोधांसाठी ब्रूस ब्यूटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना 2011 चं नोबेल मिळालं.) हाळी गेली की रक्तातून न्यूट्रोफिल पेशी धावत येतात, जंतू गिळतात आणि स्वतः मरतात. पू म्हणजे मुख्यतः त्याच मेलेल्या पेशी. एवढ्याशा जागेत तो साठला की पडदा लालभडक होऊन बाहेर फुगतो. एरवी मोत्यासारखा करडा चमकणारा पडदा असा फुगलेला पाहिला की मला मुलाकडे बघवत नाही, इतका तो ठणका वाईट असतो. फुटला की ताण जातो आणि दुखणं थांबतं. असं भोक बहुतेक मुलांमध्ये काही आठवड्यांत आपोआप भरून येतं.

म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांवरचं मूल, दुखणं सौम्य, ताप 102 च्या आत, कान वाहत नाही, अशा वेळी दोन-तीन दिवस वाट बघणं ही मान्य पद्धत आहे. अँटिबायोटिक दिलं काय आणि नाही काय, दहातल्या सहा मुलांचं दुखणं पहिल्या चोवीस तासांतच थांबतं. मात्र दुखण्यावर औषध हवंच, वजनानुसार आणि वेळेवर, त्यात काटकसर नको. दोन दिवसांत उतार नसेल, ताप चढला, मूल मलूल पडलं, कानामागे सूज येऊन कान पुढे ढकललेला दिसला, तर त्याच तासाला दवाखान्यात न्या.

आता धुरी आणि तेल. ताई, हे मी तुम्हाला हात जोडून सांगते, दोन्ही बंद करा. धुराने नळीतले ते सूक्ष्म केसच मंदावतात. सिगारेटच्या धुराने मुलांचे कान जास्त दुखतात हे तर सिद्धच झालेलं आहे. न्हाल्यावर डोक्याचे केस वाळवायला कोरडा पंचा पुरे. तेलाचं म्हणाल, तर पडदा शाबूत असेल तेव्हा ते आतल्या आजारापर्यंत पोचतच नाही, आणि पडद्याला भोक असेल तेव्हा बाहेरचे जंतू घेऊन आत जातं. माझ्या मुलाचा कान फुटला तेव्हा घरातल्या मोठ्यांचं मन मोडू नये म्हणून मी तेल सोडू दिलं. मी स्वतः कानाची डॉक्टर! पुढे तीन आठवडे त्याचा कान वाहत होता. त्या गप्प बसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

टॉनिक नको. त्यापेक्षा लसीकरणाचं कार्ड काढून बघा. न्यूमोकोकसचा जंतू साखरेचं आवरण पांघरतो, त्यामुळे गिळणाऱ्या पेशींच्या तावडीतून निसटतो, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना त्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडं नीट बनवता येत नाहीत. ही उणीव न्यूमोकोकसवरची पीसीव्ही लस भरून काढते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने असे तिचे तीन डोस असतात. 2021 पासून ती सरकारी लसीकरणात देशभर मोफत मिळते, आणि आपल्या पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तशी एक लस बनते. एखादा डोस राहिला असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. लस सगळ्या जंतूंवर चालत नाही, पण उपयोग नक्की होतो. आडवं झोपवून बाटलीने दूध देत असाल तर तेही थांबवा.

सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा असं झालं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि दुखणं थांबलं म्हणजे कानात साठलेलं पाणी आटलं असं नाही. पडद्यामागे ते कधी कधी दोन-तीन महिने राहतं आणि तोवर मुलांना थोडं दबकं ऐकू येतं. तीन महिन्यांनी एकदा कान पुन्हा तपासून घ्या. तोपर्यंत तिच्याशी समोर बसून, तोंड दिसेल असं बोला. हाक मारली आणि तिने वळून पाहिलं नाही तर रागावू नका. पाळणाघरातल्या ताईंनाही हे सांगून ठेवा.