जुनी थर्मल पेस्ट बदलू का?

प्रश्न: माझा २०१३चा आय-फाइव्ह प्रोसेसरवाला पीसी हल्ली गेम लावला की ९५ डिग्रीला जातो नि फॅन बोंबलायला लागतो, प्रोसेसर नि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट कधीच बदललेली नाहीये, बदलू का राहू दे?

उत्तर: बदला, पण आधी हीटसिंकमधली (कूलरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली) धूळ काढा आणि कूलरच्या चारही पिना बोर्डात नीट बसल्यात का बघा, बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. तरी तापलाच तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावा, थापत बसू नका, धातूंमधल्या बारीक फटी भरणं एवढंच तिचं काम. १०० डिग्रीजवळ प्रोसेसर आपणहून स्पीड कमी करतो, त्यामुळे लगेच जळणार नाही, गेम तेवढा अडखळेल. लोडवर, म्हणजे गेमसारखं जड काम चालू असताना, ६५ डिग्रीला चालणाऱ्या मशीनला मात्र उगाच हात लावू नये असं माझं मत.