गणपतीत मानसिक आरोग्यावर कार्यक्रम करायचा आहे, पण मोठी माणसं ‘असलं काही मंडपात नको’ म्हणतात. सुरुवात कुठून करावी?

मी इंदूरचा, सुदामानगरचा. आम्ही पाच-सहा मुलांनी हे केलंय आणि पहिल्या वर्षी सपशेल आपटलोय.

तेव्हा डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं होतं. ‘प्रश्न विचारा’ म्हटल्यावर एक हात वर येईना. आरती झाली, आणि चपला शोधता शोधता एक काकू हळूच म्हणाल्या, “आमच्या शेजारच्या मुलाला रात्र-रात्र झोप नाही रे. कुणाला दाखवायचं?” शेजारचा म्हणजे त्यांचाच. ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही.

म्हणून सांगतो, स्टेजवर कमी आणि चपलांपाशी जास्त माणसं ठेवा.

पुढच्या वर्षी व्याख्यान गाळलं. मंडळातलाच एक दादा दोन वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या घेत होता. तो स्वतःहून तयार झाला (गळ घालू नका कुणाला). दहा मिनिटं बोलला: सकाळी दात घासायलाही उठवत नव्हतं, गोळ्यांनी आधी नुसती सुस्ती आली, मग हळूहळू दुकानात बसायला लागला. त्यावर मात्र प्रश्नांची रीघ. आजारातून गेलेल्या माणसाशी प्रत्यक्ष गाठ पडली की लोकांचं मत बदलतं, हे २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानंही म्हटलंय. आम्हाला ते सतरंजीवर कळलं.

दुसरं, आपली जीभ. ‘ह्याला बाणगंगेला टाका’ हे आपणच दिवसातून चारदा म्हणतो, कारण मनोरुग्णालय तिकडे. आम्ही पाच रुपये दंडाचा डबा ठेवला. डबा महिन्याभरात बंद पडला, पण बोलताना अडखळायला तरी लागलो.

त्या काकूंच्या मुलाबरोबर ओपीडीत मीच गेलो. पूर्ण वेळ त्यानं फाइल छातीशी उलटी धरली होती, विभागाचं नाव दिसू नये म्हणून. बाहेर पडल्यावर पोहे खाल्ले, इकडच्या-तिकडच्या गप्पा मारल्या. माझ्या मते एवढी सोबत दहा पोस्टरांना भारी. फक्त ती गोष्ट ग्रुपवर जाता कामा नये. आणि आपण डॉक्टर नाही. कुणी मरणाची भाषा केली तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना गाठायचं आणि लगेच दवाखाना.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आरतीच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर छापा. फुकट आहे, चोवीस तास चालतो. पत्रकं रद्दीत जातात, आरतीचं पुस्तक देवघरात वर्षभर राहतं.

निवृत्त काकांसाठी एक वाक्य राखून ठेवा: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं विमा कंपन्यांना शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यावं लागतं. ‘मेडिक्लेम’ म्हटलं की सगळे कान टवकारतात.

राहिली परवानगी. कार्यक्रमाच्या नावात ‘मानसिक’ शब्दच घालू नका. आम्ही फळ्यावर ‘झोप का लागत नाही?’ एवढंच लिहिलं, तर अध्यक्षांनी स्वतः खुर्च्या मागवल्या.