वाचकांचे प्रश्न : नोकरी, हरिपाठ आणि बी. एड.

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते आणि फोर्टमधील कार्यालयात नोकरी करते. दूरस्थ शिक्षणातून इंग्रजीत एम. ए. सुरू आहे; आता इंग्रजीची शिक्षिका होण्यासाठी बी. एड. करायचे आहे. घराणे वारकरी असल्याने रोजचा हरिपाठ व एकादशी मोडवत नाही. सारे जमेल का?

उत्तर : अडचण हरिपाठाची नाही, पूर्णवेळ नोकरीची आहे. बी. एड. दोन वर्षांचे असून त्यात वर्गासाठी ८० टक्के, तर शालेय आंतरवासितेसाठी (शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावासाठी) ९० टक्के उपस्थिती लागते. ही आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची असते आणि तिचा मोठा भाग दुसऱ्या वर्षी येतो. त्यामुळे प्रवेशापूर्वी एम. ए. संपवावे, वर्षभराचा खर्च साठवावा आणि नोकरीऐवजी संध्याकाळच्या शिकवण्या घ्याव्यात. त्यातून शिकवण्याचा सरावही होतो. डोंबिवलीच्या गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, पाठ असलेला हरिपाठ मात्र उभ्याने म्हणता येतो (हे स्वानुभवाने सांगते). आषाढीला शाळेत सरावाचा तास घ्यायचा असेल, तर वडाळ्याच्या विठ्ठलाचे दर्शन रांग पाहून दुसऱ्या दिवशी घ्यावे.