खाचरातली राखाडी माती

प्रश्न : मुळशीत पौडच्या पुढे आमची थोडी जमीन आहे. उतारावर माती लालसर, पण खाली जुन्या भातखाचरात खड्डा घेतला तर दोन फुटांवर निळसर राखाडी चिखल आणि त्यात नारिंगी ठिपके. तिथे आंबे लावायचेत. शेजारी म्हणतात माती आजारी आहे, चुना टाका. टाकू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : थांबा, चुन्याचं पोतं परत करा आधी! माती आजारी वगैरे काही नाहीये, ती वर्षातले काही महिने पाण्यात बसते एवढंच. वर आणि खाली दोन्हीकडे लोखंड आहेच, आपला सगळा बेसॉल्ट ना, पण उतारावर पाणी निघून जातं, हवा खेळते, म्हणून त्या लोखंडाचा गंज लाल होतो, ओलावा जरा टिकला की तोच पिवळसर दिसतो. खाचरात पाणी तुंबलं की हवा संपते, मग मातीतले जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी गंजातलं लोखंडच वापरतात, लोखंड विरघळून हलतं आणि मागे उरतो तो राखाडी रंग. दिवाळीनंतर पाणी उतरतं, भेगांतून हवा शिरते, जिथे शिरते तिथे परत गंज. हेच तुमचे ठिपके. भाताच्या मुळाशेजारी तर नारिंगी नळ्याच दिसतील, कारण भात स्वतःच्या मुळापर्यंत हवा पोचवतो, आंब्याला ते जमत नाही.

त्यामुळे आंबे वर उतारावर लावा. खालीच लावायचे असतील तर आधी चर काढा आणि उंच वरंब्यावर लावा. ठिपके किती खोलीवर सुरू होतात ते टेपने मोजा, साधारण तिथपर्यंत पावसाळ्यात पाणी चढतं. फक्त एक घोळ आहे, चर काढून पाणी हटलं तरी जुने ठिपके वर्षानुवर्षं राहतात, म्हणून ऑगस्टमध्ये एकदा खड्ड्यात स्वतः डोकावून बघाच.

डोंगरावर लाल आणि खाली काळी-राखाडी ही साखळी पूर्व आफ्रिकेत जेफ्री मिल्न या मृदाशास्त्रज्ञाने बघितली आणि १९३५ मध्ये तिला कॅटेना नाव दिलं. आपल्याकडे सासवडच्या बाजूला गाडीतून जातानासुद्धा दिसते ती, माथ्यावर मुरूम, ओढ्याकाठी काळी.

आणि काळी म्हणजे खताने भरलेली हा गैरसमज बरं का, तिच्यात सेंद्रिय कर्ब बऱ्याचदा १ टक्क्याच्याही आत असतो. तिची खरी करामत चिकणमातीत, पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि आत ढेकळं एकमेकांवर घासून पॉलिश केल्यासारखी चकचकीत होतात. लाल माती तशी फुगत नाही, रवाळ असते, पाणी सरळ खाली सोडते.

घरी गंमत करून बघा, तो निळसर चिखल गच्चीवर उघडा ठेवा. त्यात विरघळलेलं लोखंड असेल तर एक-दोन दिवसांत तपकिरी पडेल. शेजाऱ्यांनाही दाखवा.