परदेशातून सुट्टीवर घरी गेल्यावर जुन्या मित्रांना भेटताना अवघडल्यासारखं का होतं?

तुम्ही लिहिलंय की सुट्टी तीन आठवड्यांची, भेटायची माणसं ढीगभर आणि भेट झाली की तासाभरात बोलणं आटतं. मी चौदा वर्षं बाहेर आहे. पहिली पाच-सहा वर्षं माझंही अगदी असंच व्हायचं.

तेव्हा मी पोचलो की ग्रुपवर मेसेज टाकायचो, शनिवारी सगळे भेटू. वीसेक जण यायचे. कधी आलास, किती दिवस आहेस, तिकडे हवा कशी, हे तीन प्रश्न वीसदा. मग फोटो आणि पांगापांग. कुणाची नोकरी गेली होती, कुणाची आई अंथरुणाला खिळली होती, हे मला परतल्यावर तिसऱ्याकडून कळायचं. वीस जणांच्या गलक्यात कोण सांगणार?

एकदा एकाने तोंडावर सुनावलं, "तू आलास की आम्ही रजा टाकायची, मुलांचे क्लास बुडवायचे आणि साहेब दोन तास दर्शन देणार. सुट्टी तुला आहे रे, आम्हाला नाही." लागलं, पण खोटं नव्हतं.

पुढच्या खेपेला त्याच्याच घरी गेलो, कामाच्या दिवशी, रात्री नऊला. तो इस्त्री करत होता. मुलीचा युनिफॉर्म, स्वतःचे चार शर्ट. मी पलंगावर बसून घड्या घालायला लागलो. माझी घडी त्याने न बोलता मोडली आणि कॉलर नीट दाबून परत घातली. शाळेत मी वह्यांना घातलेली कव्हरंही तो अशीच काढून परत घालायचा. तिसऱ्या शर्टाला मान वर न करता म्हणाला, दोन वर्षं झाली, भावाशी बोलणं बंद आहे. नजर कपड्यावर होती म्हणून ते निघालं. समोर बसवून 'मग, काय विशेष?' विचारलं असतं तर 'मजेत' म्हणाला असता.

तेव्हापासून मी मित्रांच्या कामात घुसतो. कुणाबरोबर बँकेत, कुणाबरोबर मुलाच्या क्लासबाहेर ताटकळत. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये अंदाज मांडला होता की जवळचा मित्र व्हायला सोबतीचे २०० हून जास्त तास लागतात. आपले ते तास लहानपणीच भरले, आणि त्यातले बहुतेक काहीही न करता गेलेले. मग आताच भेटीचा समारंभ कशाला करायचा?

माणसं मात्र कमी धरा. मी एका खेपेला पाच-सहाच. बाकीच्यांना सरळ सांगतो की यावेळी जमत नाही. राग येतो काहींना, येऊ दे. 'बघू, जमवू' म्हणत झुलवण्यापेक्षा ते बरं.

पहिले तीन-चार दिवस कुणाला शब्द देऊ नका. शरीराचं घड्याळ नव्या वेळेकडे दिवसाला साधारण तासभरच सरकतं. मी पूर्वेकडच्या देशातून येतो, म्हणजे संध्याकाळी पेंगतो आणि पहाटे तीनला टक्क जागा. एकाच्या सोफ्यावर तो बोलत असताना चक्क घोरलो आहे. आता पहाटे फिरायला जाणाऱ्या मित्राला त्याच दिवसांत गाठतो.

आणि ज्याच्याशी आठ-दहा वर्षं बोलणं नाही, त्याला मेसेज करायला लाजू नका. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या अभ्यासात दिसलं की अशा आठवणीने समोरच्याला किती बरं वाटतं, याचा अंदाज आपण कमीच बांधतो. मीही असा एकाला दोन ओळींचा मेसेज केला. भेटायचं काही ठरलं नाही. निघायच्या आदल्या रात्री त्याचाच फोन, विमानतळावर मी सोडतो. पाऊण तासाचा रस्ता, गाडी चालवता चालवता तो एकटाच बोलत होता.