नेमप्लेट आणि ट्रॉफीसाठी लेझरवर कुठलं अ‍ॅक्रिलिक घ्यावं? दुकानदार म्हणतो, माल एकच आहे

तुम्ही तासगावहून विचारलंय: नवीन लेझर मशीन घेतलंय, नेमप्लेट आणि ट्रॉफी करायच्या आहेत, दोन दुकानांत ट्रान्सपरंट शीटच्या भावात बरंच अंतर आहे आणि स्वस्त देणारा म्हणतो, "माल एकच." माल एकच नाही. सांगलीत माझं लेझर कटिंगचंच काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅक्रिलिक शीट दोन तऱ्हेनं बनते. कास्ट शीट म्हणजे दोन काचांच्या मध्ये कच्चा रस ओतून तो तिथंच घट्ट होऊ दिलेला. एक्स्ट्रुडेड म्हणजे वितळलेला माल डायमधून दाबून सलग बाहेर काढलेला, सोऱ्यातून शेव पाडावी तसा. दुकानात दोन्ही शेजारी ठेवल्या तर मलाही नुसत्या डोळ्यांनी खात्रीनं सांगता येणार नाही. लेझर लागला की मात्र लगेच कळतं. कास्टवर कोरलेली अक्षरं दुधाळ पांढरी उमटतात, पाटीवर खडूनं लिहिल्यासारखी. एक्स्ट्रुडेडवर तीच अक्षरं पारदर्शकच राहतात.

सुरुवातीच्या वर्षात मी एका शाळेच्या 40 ट्रॉफींचं काम घेतलं होतं. शीट आणताना फक्त "तीन एमएम ट्रान्सपरंट" एवढंच सांगितलं. पहिली ट्रॉफी मशीनच्या जाळीवरून उचलली, बोट फिरवलं तर अक्षरं हाताला नीट लागत होती आणि डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. खिडकीकडे तिरकी धरली तेव्हा कुठं त्या मुलीचं नाव वाचता आलं. दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभ. संध्याकाळी मिरजेला जाऊन कास्ट शीट आणली आणि पहाटेपर्यंत सगळ्या ट्रॉफी पुन्हा कापल्या. त्या मुलांची नावं लांबून वाचता यायला हवी होती, त्यात तडजोड करणं मला पटलं नसतं.

म्हणून कोरायचं असेल, मग ती नेमप्लेट असो, ट्रॉफी असो की खालून एलईडी लावून उजळणारा बोर्ड, तर कास्टच घ्या. भाव जास्त पडला तरी घ्या. पूर्ण शीट उचलण्याआधी त्याच शीटचा हातभर कटपीस मागा आणि त्यावर नाण्याएवढा ठिपका कोरून बघा. शीटवर कागद चिकटवलाय की प्लॅस्टिकची फिल्म, यावरून काही जण ओळखतात. मी त्यावर विसंबत नाही.

जाडीचंही तसंच. व्हर्निअर (जाडी मोजायची चिमट्यासारखी पट्टी) खिशात ठेवा आणि चारही कोपरे मोजा. कास्टमध्ये जाडी कोपऱ्यागणिक थोडी बदलते, एक्स्ट्रुडेडमध्ये जवळपास सारखी मिळते. वजनाचा हिशोबही सोपा आहे. 8 बाय 4 फुटांची खरी 3 एमएम शीट साधारण साडेदहा किलो भरते. काट्यावर नऊ दिसली, तर तुम्ही तीनचे पैसे देऊन अडीचची घेताय.

याच सारख्या जाडीमुळे एक्स्ट्रुडेड काही ठिकाणी उजवी ठरते. 2018 ला थर्मोकोलवर बंदी आली, आता गणपतीची मखरं कापायचं काम आमच्याकडेही येतं. त्यात एक पट्टी दुसऱ्या पट्टीच्या खाचेत बसवायची असते. शीट एका टोकाला 2.7 आणि दुसऱ्या टोकाला 3 भरली, तर एकीकडे खाच सैल आणि दुसरीकडे पट्टी आतच जात नाही. तिथं एक्स्ट्रुडेडनं काम सोपं होतं. फक्त लेझर स्वतःही 0.1 ते 0.2 एमएम माल खातो, तेव्हा वेगवेगळ्या मापाच्या पाच-सहा खाचा एका तुकड्यावर कापून आधी बसवून बघा. आणि एक्स्ट्रुडेडच्या लेझरनं कापलेल्या कडेला क्लोरोफॉर्म लावून जोडायला गेलात तर कडेतल्या ताणामुळं केसासारखे बारीक तडे जाऊ शकतात. चिकटवायच्या वस्तूला कास्टच बरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पीव्हीसी लेझरवर कधीही घालू नका. गिऱ्हाईक सनबोर्ड घेऊन येईल, "एवढं कापून द्या" म्हणेल. तो बहुतेक पीव्हीसीचाच फोम असतो. त्यातून हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो. तो फुप्फुसाला घातक आहे आणि मशीनच्या रेल, बेअरिंगवर गंज चढवतो. शंका आली तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, तुकड्याला टेकवा, तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर तो तुकडा परत द्या, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. पॉलिकार्बोनेटही अ‍ॅक्रिलिकसारखंच दिसतं, पण कापताना त्याच्या कडा तपकिरी होतात आणि धूर धरतात.

तुमचं मशीन कुठलं ते प्रश्नात नाही. मी हे सगळं सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साईड वायूवर चालणारं लेझर धरून लिहिलंय. निळ्या उजेडाचं डायोड मशीन असेल तर ट्रान्सपरंट शीट त्यावर कापलीच जाणार नाही, उजेड आरपार जातो. काळी शीट कापली जाईल.

मिरर शीट मागची, रंगाची बाजू वर ठेवून कापा. तिच्यावर मागून कोरायचं असेल तर डिझाईन उलटं करून घ्या. कापताना वरचा कागद राहू द्या, म्हणजे धुराचे डाग पडत नाहीत. पुसायला थिनर, स्पिरिट किंवा काच पुसायचं लिक्विड नको, साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड पुरतं. आणि मशीन चालू असताना चहाला जाऊ नका. अ‍ॅक्रिलिक पेट घेतं, आणि तो जाळ वाढायला फार वेळ लागत नाही. एअर असिस्ट (कापायच्या जागी हवा मारणारा झोत) आणि धूर ओढणारा एक्झॉस्ट चालू ठेवा, अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा, आणि शेवटचा तुकडा सुटेपर्यंत तिथंच थांबा.