कोकणचा काजू दर्जेदार असूनही निर्यातीत मागे का?

वेंगुर्ल्याचा काजू इतका नावाजलेला असताना देशाच्या काजूगर निर्यातीत कोकण फारसे का दिसत नाही, असे आपण विचारले आहे. सावंतवाडी तालुक्यात माझा छोटा काजू कारखाना आहे आणि याच प्रश्नावरून आमच्या घरात अनेक वर्षे वाद चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दर्जाचा येथे संबंध नाही. निर्यातीचा वीस फुटी कंटेनर म्हणजे ५० पौंडांचे ७०० खोके, जवळजवळ १६ टन गर, आणि तोही बहुधा एकाच प्रतीचा लागतो. माझ्याकडे दिवसाला अर्धा टन बी फुटते, तिचा गर साधारण सव्वाशे किलो निघतो. त्यातून पाकळी आणि तुकडा वेगळा काढून अख्ख्या गराची, एका पौंडात किती गर बसतात त्यावरून, २१०, २४०, ३२० अशी प्रतवारी केली, की ३२०चा एक कंटेनर भरायला माझा वर्षाचा मालही पुरत नाही.

२०११ साली एका निर्यातदाराची मागणी आली, तेव्हा आम्ही पाच शेजारी कारखानदारांनी माल एकत्र केला. तपासणीत काही डब्यांचा ओलावा पाच टक्क्यांच्या वर निघाला. ते डबे मी स्वतः उघडले. दाताखाली कटकन तुटायला हवा तो गर चिवट लागत होता, आणि कित्येक गरांच्या खाचेत साल तशीच चिकटून होती. सगळा माल पावसाच्या तोंडावर परत आला, दमट हवेत आणखी मऊ पडला आणि शेवटी पडेल भावाने विकावा लागला. "शेजाऱ्यांवर विसंबलास म्हणून बुडालो," असे थोरले बंधू आजही म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. गर वाळवणाऱ्या पाच ड्रायरांची आच पाच तऱ्हांची होती. कोणाच्या सचोटीत खोट नव्हती.

व्हिएतनाम २००६च्या सुमारास गराच्या निर्यातीत आपल्यापुढे गेला, आणि पुढे तो मुख्यतः बाहेरून, विशेषतः आफ्रिकेतून, आणलेल्या बीवर आणि यंत्राने काढलेल्या एकसारख्या मालावर वाढत गेला. केरळातल्या कोल्लमचे कारखानेही आफ्रिकी बी आणतात. टांझानियाचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्याने आपली बी संपली तरी त्यांचे काम थांबत नाही. आम्ही मात्र एप्रिल-मेमध्ये वर्षाची बी भरून ठेवतो आणि पावसाळाभर बँकेचे व्याज सोसतो. त्यातच काजूचा सर्वांत मोठा ग्राहक आपलाच देश असल्यामुळे दहा डबे घेणारा व्यापारी घराशी येतो, मग कंटेनरची वाट कोण पाहणार?

माझ्या मते बी ज्याने त्याने आपल्या कारखान्यात फोडावी, परंतु वाळवणी, साल काढणे, प्रतवारी आणि डबे भरणे तालुक्यात एकाच छपराखाली व्हावे. बंधूंना स्वतःचा मोठा कारखाना हवा आहे. पण तो बारमाही चालवायला परदेशी बीच आणावी लागेल, आणि मग त्यात वेंगुर्ल्याचे काय उरेल? अर्थात आपल्यापाशी तेवढे भांडवल असेल आणि केवळ निर्यातच करायची असेल, तर माझा हिशेब आपल्याला लागू नाही.

ओलावामापक मात्र आधी घ्या. मी तो २०१२मध्ये घेतला. एक वर्ष उशिरा घेतला असे बंधू म्हणतात, आणि तेवढ्यापुरते त्यांचे खरे आहे.